कचेरीतला कागद आणि घरचा कागद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते दिवसा कोर्टात उभे राहत आणि रात्री नाट्यगीतांच्या बैठकीत ऑर्गनवर साथीला बसत, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्यांच्या या दोन्ही ओढींना धरून असेल असा विषय मी आज निवडला आहे. चार-पाच जण एकत्र येतात, गाण्याबजावण्याचा संच उभा करतात, त्याला नाव देतात. नाव गाजतं. मग माणसं फुटतात. अशा वेळी नाव कोणाकडे जातं?

हा प्रश्न सगळ्यात स्वच्छपणे कुठे सुटला असेल तर तो इंग्लंडमध्ये, २००३ साली, सॅक्सन नावाच्या बँडच्या खटल्यात. त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो, आणि जरा सविस्तर.

यॉर्कशायरच्या दक्षिण भागात, कोळशाच्या खाणींच्या बार्न्सली परिसरात, १९७७ च्या सुमारास पाच तरुणांचा संच जमला. पीटर बायफर्ड गायक. सगळे त्याला 'बिफ' म्हणत. ग्रॅहॅम ऑलिव्हर आणि पॉल क्विन गिटारवर, स्टीव्ह डॉसन बेसवर, पीट गिल ड्रम्सवर. आधीचं एक अचकटविचकट नाव टाकून त्यांनी 'सॅक्सन' हे नाव घेतलं. १९८० साली त्यांचा 'व्हील्स ऑफ स्टील' हा अल्बम गाजला आणि ब्रिटनमध्ये हेवी मेटलची जी नवी लाट उठली होती तिच्यात हे नाव पहिल्या रांगेत जाऊन बसलं. पुढे गिल बँड सोडून गेला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डॉसन गेला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ऑलिव्हरही बाहेर पडला. बायफर्ड मात्र पहिल्या दिवसापासून कधीच हलला नाही. क्विनला आणि नव्या वादकांना घेऊन तो त्याच नावाने दौरे करत राहिला, रेकॉर्ड काढत राहिला.

बाहेर पडलेल्या ऑलिव्हर आणि डॉसन यांनी १९९९ मध्ये ट्रेडमार्कच्या कचेरीत अर्ज केला आणि 'सॅक्सन' हे नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं. म्हणजे बँडमध्ये जो होता त्याच्याकडे बँड होता, आणि जे नव्हते त्यांच्याकडे नावाचं प्रमाणपत्र. बायफर्डने ती नोंदणी रद्द करावी म्हणून अर्ज केला. कचेरीतल्या अधिकाऱ्याने तो फेटाळला. एका काळी सगळेच त्या नावाचे धनी होते, तेव्हा एकाने दुसऱ्याला अडवायचं कशाच्या बळावर, असा साधारण त्या अधिकाऱ्याचा विचार होता. वरवर पाहता हा न्याय समतोल वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे प्रमाणपत्र ज्याच्या हाती पडलं तोच शिरजोर झाला असता.

बायफर्ड उच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती ह्यू लॅडी यांच्यापुढे अपील आलं. बौद्धिक संपदेच्या कायद्यात त्या काळी इंग्लंडमध्ये त्यांच्याइतका जाणकार न्यायाधीश विरळाच. त्यांनी नावाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि आधी विचारलं: हे पाच जण एकमेकांचे कोण होते?

या प्रश्नानेच खटल्याचं तोंड फिरलं. पाच जण मिळून पैसे मिळवत होते, वाटून घेत होते. लेखी करार नव्हता. इंग्लंडच्या १८९० च्या भागीदारी कायद्याप्रमाणे ही सरळ भागीदारी झाली, आणि तीही मर्जीवर चालणारी: कोणीही कधीही उठावं आणि ती मोडावी. अशा भागीदारीत नाव आणि त्यामागचा लौकिक ही भागीदारीची मिळकत. एकेका भागीदाराला त्या मिळकतीचा तुकडा तोडून घरी नेता येत नाही. भागीदारी मोडली तर हिशेब करा, मिळकत विकून पैसे होतील त्यांत आपला वाटा मागा, एवढाच त्याचा हक्क. डॉसनला वाटत होतं, 'सॅक्सन'चा पाचवा हिस्सा माझा आहे. लॅडी म्हणाले, तुमचा हिस्सा किमतीत आहे, नावात नाही.

यापुढचा विचार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जुनी भागीदारी मोडल्यावर बायफर्ड आणि त्याचे नवे सोबती वर्षानुवर्षं त्या नावाने वाजवत राहिले. जुन्या भागीदारीच्या वतीने त्यांना कोणी हटकलं नाही. या काळात त्यांनी स्वतःच्या कष्टाने त्या नावाभोवती नवा लौकिक उभा केला, आणि तो त्यांचा होता. ऑलिव्हर-डॉसन यांची नोंदणी रद्द झाली. पुढे ते दोघे 'ऑलिव्हर/डॉसन सॅक्सन' असं स्वतःचं नाव पुढे लावून कार्यक्रम करू लागले, आणि कोण गाणार-वाजवणार हे पोस्टरवरूनच कळू लागलं.

निकालात लॅडींनी आणखी एक गोष्ट सांगितली. भागीदारीचा लेखी करार असता, एखादा गेला तरी भागीदारी चालू राहील आणि जाणाऱ्याचे नावावरचे हक्क असे असे राहतील एवढं त्यात लिहिलेलं असतं, तर यांतलं काहीच घडलं नसतं. वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या भागीदाऱ्यांत ही कलमं हमखास असतात. गाणाऱ्यावाजवणाऱ्यांच्या भागीदारीत ती नसतात.

कचेरीतला कागद त्या दोघांकडे होता. घरचा कागद, म्हणजे आपसांतला लेखी करार, कोणाकडेच नव्हता. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. सरकारी प्रमाणपत्राने नाव आपलं होत नाही. मंचावर उभं राहिल्याने होतं, आणि जे मंचावर एकत्र उभे राहिले त्यांनी आपसांत काय ठरवलं यावर ते टिकतं.

नावामागचा लौकिक म्हणजे काय, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा नारायणगावला जाऊन पाहावं. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीपगाड्या भरून येतात. राहुटीवर मोठ्या अक्षरांत फडमालकाचं किंवा फडमालकिणीचं नाव रंगवलेलं असतं. बाहेर खुर्च्या, आत चहा, मॅनेजरपुढे तारखांची वही. कमिटीवाल्यांनी यंदाचं वगनाट्य पाहिलेलं नसतं, नवी नाचणारी मुलगी कोण हेही त्यांना माहीत नसतं. तरी ते रोख इसार मोजून सुपारी देतात, ती त्या रंगवलेल्या नावाच्या भरवशावर. शेजारच्या राहुटीपेक्षा या राहुटीत ज्या कारणाने दहा पैसे जास्त मोजले जातात, ते कारण म्हणजे लौकिक. कायदा त्याला मालमत्ता म्हणतो आणि त्याचं रक्षण करतो. सॅक्सनच्या चाहत्याने तिकीट काढलं तेही याच भरवशावर.

म्हणून कायद्याने शेवटी विचारायचा प्रश्न असा, की ऐकणारा कोणाच्या भरवशावर पैसे मोजतो. त्याचं उत्तर दर वेळी एकसारखं नसतं, आणि त्यामुळेच हे खटले वाचत बसावेसे वाटतात.

'द ॲनिमल्स'चं उदाहरण घ्या. न्यूकॅसलचा हा संच. १९६४ साली त्यांच्या 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' या गाण्याने अटलांटिकच्या दोन्ही काठांवर धमाल उडवली. एरिक बर्डन गायक, जॉन स्टील ड्रम्सवर. मूळ संच दोन-तीन वर्षांतच विस्कटला. १९८३ मध्ये पाचही जण पुन्हा एकत्र आले आणि पुन्हा पांगले. २००४ मध्ये स्टीलने नाव स्वतःसाठी नोंदवायला अर्ज केला. बर्डनने हरकत घेतली. २००८ मध्ये अधिकाऱ्याने स्टीलच्या बाजूने कौल दिला, आणि त्यावरचं अपील २०१३ पर्यंत चाललं. अपिलात जेफ्री हॉब्स यांनी तो कौल फिरवला. १९८३ च्या पुनर्मीलनातून जो लौकिक उरला होता तो पाचही जणांचा मिळून होता, आणि त्यांपैकी एकाने उठून तो एकट्याच्या नावावर चढवणं योग्य नाही, असा त्या निकालाचा रोख. शेवटी उरलेला माणूस म्हणून सगळी इस्टेट आपसूक कोणाची होत नाही. अर्ज ते निकाल, नऊ वर्षं गेली. साठच्या दशकात गाजलेली माणसं तोवर सत्तरी ओलांडून गेली होती.

आतापर्यंत आपण मित्रांची भांडणं पाहिली. आता जिथे एका बाजूला मुलं आणि दुसऱ्या बाजूला कंपनी आहे तिकडे वळतो, कारण तिथे कायद्याने मला खरा दिलासा दिला आहे.

बॉस्टनच्या रॉक्सबरी या काळ्या वस्तीतली पाच मुलं: रिकी बेल, मायकेल बिव्हिन्स, बॉबी ब्राउन, रॉनी डेव्हो, राल्फ ट्रेसव्हँट. शाळकरी वय. तिथल्या एका गुणदर्शनाच्या स्पर्धेत मॉरिस स्टार या निर्मात्याने त्यांना हेरलं. स्ट्रीटवाइज नावाच्या छोट्या कंपनीने १९८३ मध्ये त्यांची 'कँडी गर्ल' ही रेकॉर्ड काढली आणि 'न्यू एडिशन' हे नाव देशभर झालं. पहिल्या मोठ्या दौऱ्याहून परतल्यावर प्रत्येकाच्या हातात १ डॉलर ८७ सेंटचा धनादेश पडला, असं त्या मुलांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. मुलं कंपनी सोडून गेली तेव्हा कंपनीने दावा सांगितला: नाव आमचं. गाणी आम्ही लिहून घेतली, चाली आम्ही बांधल्या, पैसे आम्ही घातले. उद्या दुसरी पाच मुलं उभी केली तरी तीच न्यू एडिशन.

न्यायाधीश रिया झोबेल यांनी १९८६ मध्ये निकाल दिला. त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. हे नाव ऐकल्यावर लोकांच्या मनात कोणता गुण उभा राहतो? आणि त्या गुणावर ताबा कोणाचा आहे? उत्तर स्वच्छ होतं. लोकांच्या डोळ्यांपुढे येत होती ती ही पाच मुलं, त्यांचे चेहरे, त्यांचा आवाज, त्यांचं नाचणं. तो गुण त्यांच्या अंगात होता, कंपनीच्या कपाटात नव्हता. नाव मुलांचं ठरलं.

हा निकाल वाचताना मला नेहमी वाटतं, न्यायाधीश बाईंनी थिएटरात मागच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या नजरेने खटला पाहिला. कंपनीकडे पावत्या होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. गुंतवणुकीचा परतावा मागायचा कंपनीला हक्क आहेच. पण पाच पोरांच्या अंगातला गुण गहाण पडलेला नसतो.

दर वेळी असं घडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. लॉस एंजेलिसच्या 'द प्लॅटर्स' या गटाचं पुढे जे झालं ते वाचून मन खट्टू होतं. हर्ब रीड या त्यांच्या संस्थापक गायकाने गटाला ते नाव दिलं. १९५५ साली 'ओन्ली यू' गाजलं. १९५६ मध्ये व्यवस्थापक बक रॅम यांच्या पुढाकाराने 'फाइव्ह प्लॅटर्स' नावाची कंपनी निघाली. गायकांनी शेअर घेतले आणि नावावरचे हक्क कंपनीला लिहून दिले. तरुण माणसाला शेअर म्हणजे मोठी गोष्ट वाटते. पुढे एकेक जण गट सोडत गेला, शेअर हातचे गेले, आणि मूळ गायकांनाच आपल्या नावासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. प्लॅटर्स नावाचे कितीतरी गट एकाच वेळी अमेरिकाभर हिंडू लागले. रीड २०१२ मध्ये वारले. त्यांच्या कंपनीचा एक दावा त्यानंतरही चालू होता. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना मिळालेला तात्पुरता मनाईहुकूमही उठवला, भरून न येणारं नुकसान पुराव्याने दाखवलेलं नाही म्हणून.

बीच बॉइजची गोष्ट याहून वेगळी. त्यांनी १९६० च्या दशकातच 'ब्रदर रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली. नाव कंपनीचं, कंपनी बँडवाल्यांची. १९९८ मध्ये बँडमधला कार्ल विल्सन वारला, त्यानंतर कंपनीने त्याचा साथीदार माइक लव्ह याला नाव वापरायचा परवाना दिला. अल जार्डिन हाही जुना साथीदार आणि कंपनीचा भागधारक. तो 'बीच बॉइज फॅमिली अँड फ्रेंड्स' अशा नावांनी कार्यक्रम करू लागला तेव्हा कंपनीने, म्हणजे काही अंशी त्याच्याच मालकीच्या कंपनीने, त्याच्यावर दावा लावला आणि २००३ मध्ये अपील न्यायालयातही तो हरला. मी या बँडमध्ये होतो असं सांगायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. नाव पोस्टरवर असं छापायला मनाई होती की बघणाऱ्याला हाच अधिकृत बीच बॉइजचा कार्यक्रम वाटावा. निकाल कायद्याला धरून आहे. तरी ज्याच्या गळ्याने ती गाणी घडली त्याला हा निकाल किती लागला असेल, ते गाणाऱ्यालाच कळेल. घरचा कागद असणं पुरत नाही. मतं समसमान पडली तर काय, परवाना किती वर्षांचा, हेही त्यात असावं लागतं.

आता थोडं श्रोत्याच्या बाजूने. १९८० मध्ये अमेरिकेत, कॅनडात, मेक्सिकोत 'डीप पर्पल'चे कार्यक्रम जाहीर झाले. खरा बँड १९७६ मध्येच मोडला होता. या नव्या संचात जुना माणूस एकच, रॉड इव्हान्स, बँडचा पहिला गायक. 'स्मोक ऑन द वॉटर' ऐकायला आलेल्या लोकांपुढे ते गाणं ज्यांनी घडवलं त्यांपैकी एकही जण नव्हता. इव्हान्स त्या गाण्याआधीच बँडमधून गेलेला होता. कोर्टाने ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई ठोठावली. 'मी संस्थापक आहे' हे वाक्य खरं असूनही प्रेक्षकाची फसवणूक होऊ शकते, हे त्या निकालाने दाखवलं.

जुन्या गटांच्या नावांवर तोतये संच इतके माजले की 'द सुप्रीम्स'च्या मेरी विल्सन आणि 'शा ना ना'चे जॉन बाउमन यांनी राज्याराज्यांत जाऊन कायदे करवून घेतले. तीसहून अधिक राज्यांत आज असा नियम आहे की मूळ रेकॉर्डिंगमधला निदान एक तरी माणूस मंचावर असला पाहिजे, किंवा नावाचा नोंदलेला हक्क असला पाहिजे, नाहीतर हा आदरांजलीचा कार्यक्रम आहे असं ठळक छापा. विल्सन बाईंनी म्हातारपणी हे काम हाती घेतलं आणि २०२१ मध्ये जाईपर्यंत त्या ते करत राहिल्या. स्वतःचं नाव वाचवायला निघालेल्या या बाईंनी जाता जाता हजारो तिकीट काढणाऱ्यांचे पैसे वाचवले.

छोट्या संचांना वाटतं, आपल्या नावाला कोण विचारतो. त्यांच्यासाठी लॅडींचाच २००२ चा निकाल आहे. इंग्लंडमध्ये 'लिबर्टी' नावाचा एक फंक बँड होता. रेकॉर्ड खपत नव्हत्या, चाहते थोडेच. दूरचित्रवाणीच्या 'पॉपस्टार्स' स्पर्धेतून निघालेल्या पाच जणांनी तेच नाव घेतलं आणि रातोरात ते देशभर झालं. जुन्या बँडने दावा लावला. लॅडी म्हणाले, लौकिक तुटपुंजा आहे, अगदी काठावरचा आहे, पण आहे. टीव्हीवाल्या गटाला नाव बदलून 'लिबर्टी एक्स' करावं लागलं.

आता घरी येऊ. आपल्याकडच्या कायद्याची चौकट याहून फार वेगळी नाही, काही बाबतींत अधिक स्पष्ट आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. गाण्याचे कार्यक्रम ४१ व्या वर्गात येतात. पण कलम ३४ सांगतं की तुमच्या आधीपासून जो ते नाव सलग वापरतो आहे त्याला नोंदणीच्या जोरावर अडवता येणार नाही. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तेच ठामपणे मांडलं: आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. हलवा असो वा गाणं, आधी कढई तापवणाऱ्याला कायदा विसरत नाही.

आणि १९३२ चा भागीदारी कायदा. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या प्रत्येकाने त्याची दोन कलमं वाचावीत. कलम ३६ प्रमाणे बाहेर पडलेला भागीदार तोच धंदा खुशाल करू शकतो, जाहिरातही करू शकतो, पण एरवी काही ठरलेलं नसेल तर पेढीचं नाव वापरू शकत नाही. कलम ५३ प्रमाणे पेढी मोडल्यावर सगळा हिशेब पुरा होईपर्यंत कोणताही भागीदार दुसऱ्याला पेढीच्या नावाने धंदा करण्यापासून रोखू शकतो. ज्याने लौकिक विकत घेतला त्याचा हक्क मात्र अबाधित. म्हणजे सॅक्सनला २००३ मध्ये जे उत्तर मिळालं त्याचं बरंचसं आपल्या कायद्यात छापलेलं आहे. ते कोणी उघडून पाहत नाही, एवढंच.

आपल्या रंगभूमीवर हे प्रसंग कायद्याविना कसे हाताळले गेले ते आठवलं की ऊर भरून येतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. किर्लोस्कर नाटक मंडळी त्यांच्या नावाने पुढे कित्येक वर्षं चालली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले. कंपनीचा सगळ्यात मोठा मोहरा हाती असूनही 'खरी किर्लोस्कर आम्हीच' असा पुकारा त्यांनी केला नाही; गंधर्व नाटक मंडळी असं नवं नाव घेतलं. मास्टर दीनानाथ १९१८ मध्ये किर्लोस्करमधून बाहेर पडले, त्यांनीही बळवंत संगीत मंडळी काढली. टेंबे गंधर्व मंडळीतून गेले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी उभी केली. पुढे बोडसही गेले. नाव बालगंधर्वांकडे राहिलं आणि त्या नावावरचं कर्जही त्यांच्याच शिरावर आलं. नावाच्या भांडणात हे फार विसरलं जातं: लौकिकाबरोबर देणीही येतात. ज्याला नाव हवं त्याने हिशेबाची वही आधी मागावी.

चित्रपटसंगीतातही एक उदाहरण आहे. जयकिशन १२ सप्टेंबर १९७१ रोजी गेले. शंकर त्यानंतर १९८७ मध्ये स्वतः जाईपर्यंत काम करत राहिले, आणि पडद्यावर नाव 'शंकर-जयकिशन' असंच येत राहिलं. नव्या चाली एकट्याच्या होत्या. जोडीदार गेल्यावरही जोडीचं नाव जोडीचंच ठेवण्यात जी निष्ठा आहे तिला माझा नमस्कार.

पण निष्ठेवर सगळ्यांनी विसंबावं असं मी वकील म्हणून सांगू शकत नाही. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका ऑर्केस्ट्रातले दोघे माझ्याकडे आले, कीबोर्डवाला आणि निवेदक. लग्नाच्या वराती, गणपती, नवरात्र असं त्यांचं वर्ष भरलेलं असे. गायकाने फारकत घेतली होती आणि त्याच्या भावाने ऑर्केस्ट्राचं नाव परस्पर नोंदवलं होतं. टेंपोवर रंगवलेलं नाव यांच्या दारात, यूट्यूब वाहिनीचा पासवर्ड त्याच्या फोनमध्ये, लोगो काढणारा मुलगा म्हणतो मला पैसेच दिले नाहीत, आणि दोन गावांच्या मंडळांनी एकाच नावाच्या दोन संचांना एकाच रात्रीची सुपारी दिलेली. मी त्यांना विचारलं, भागीदार कोण कोण होते? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ढोलकीवाला भागीदार होता की रोजावर, यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं. कायद्याची लढाई आम्ही लढलो नाही. तिघांना एका टेबलाशी बसवलं, गायकाने स्वतःचं नाव पुढे लावून नवा संच काढला, जुनं नाव यांच्याकडे राहिलं, आणि बदल्यात त्याला एक रक्कम हप्त्याने मिळाली. ती रक्कम त्यांनी पहिल्या वर्षी दोन पानांवर लिहून ठेवली असती तर द्यावीच लागली नसती, असं मला वाटतं.

त्या दोन पानांवर काय असावं? कोण भागीदार आणि कोण मानधनावर, हे आधी. एखादा गेला तर बाकीच्यांची भागीदारी चालू राहील, हे वाक्य अगदी शब्दशः. नाव उरलेल्यांकडे राहील, जाणाऱ्याला आजवरच्या हिशेबातला वाटा मिळेल आणि 'पूर्वी अमुक संचात' असं त्याला लहान अक्षरांत छापता येईल. भागीदार वारला तर त्याच्या घरच्यांना काय मिळेल तेही लिहा, कारण करारात वेगळं काही नसेल तर मृत्यूनेही भागीदारी मोडते. वाहिनीचे, पानांचे पासवर्ड दोघांकडे. लोगो काढणाऱ्याकडून हक्क लेखी घेतलेला. गाणी कोणाची हा प्रश्न निराळा. त्याची मिसळ नावाशी करू नये, एवढी ओळ तरी घालावी. हे झाल्यावर कचेरीत जा आणि नोंदणी करा, पण भागीदारीच्या नावे, एकाच्या नावे नको.

आज सभागृहात महाविद्यालयीन बँडची आणि एकांकिका करणाऱ्या गटांची मुलं बरीच दिसताहेत. व्याख्यानमालेच्या संयोजकांशी माझं बोलणं झालं आहे. अशा दोन पानी कराराचा साध्या मराठीतला नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. तो फुकट आहे. नावांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या भरा, मुद्रांक कागदावर उतरवा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ज्यांना शंका असतील त्यांच्यासाठी मी इथेच थांबणार आहे.